दोन बोटं डावीकडं

सायलेन्सरच्या पाइपाला एक भोक पाडून त्यात सेन्सर बसवायचा, एवढ्या कामाला मला एकवीस दिवस लागले. प्रत्यक्ष भोक पाडायला चार मिनिटं लागली. उरलेला सगळा वेळ आबांनी खाल्ला.

आबा माझे मालक. म्हणजे घरमालक नव्हे, शेडमालक. पुण्यातली कंपनीची नोकरी सोडून गाड्यांच्या इंजिनांचं ट्यूनिंग करायचं वर्कशॉप टाकावं असं माझ्या डोक्यात आलं, तेव्हा पलूसच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांचं बंद पडलेलं गुऱ्हाळ भाड्याने द्यायचं होतं. उंच पत्रे, भरपूर उजेड, पाणी, समोर ट्रक वळेल एवढी मोकळी जागा. बघताक्षणी मी हो म्हणालो. शेड मी चारी बाजूंनी बघितली, मालकाकडे मात्र नीट बघितलं नाही. ती चूक मला पुढे रोज सकाळी आठ वाजता भेटायला यायची.

आबा जातीचे गुळव्ये. उसाचा रस उकळून त्याचा गूळ कधी झाला हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या, आणि पंचक्रोशीत त्यांच्यासारखा दुसरा नाही असं लोक सांगायचे. लोकांनी सांगितलं नाही तर ते स्वतः सांगायचे. शेडच्या मधोमध जमिनीत खणलेलं चुलवाण होतं, त्याच्यावर आठ फुटी लोखंडी काहील, आणि चुलवाणातला धूर जमिनीखालच्या बोगद्यातून मागच्या उंच धुराड्याला जायचा. हे सगळं जागच्या जागी ठेवून उरलेल्या जागेत मी माझा धंदा करायचा, अशी अट होती. भाडेकरारात त्यांनी लिहवून घेतलं होतं : काहिलीत काही ठेवणार नाही, काहिलीवर काही ठेवणार नाही, काहिलीकडे पाय करून बसणार नाही. करार टाइप करणारा हसत होता. आबा हसत नव्हते.

एकदा घाईत मी एका गाडीचा बंपर काहिलीत टाकून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर चपला बाहेर काढून आबा काहिलीत मांडी घालून बसलेले, बंपर मांडीवर.

"कायतरी ठिवायचंच आसंल तर मलाच ठीव," म्हणाले.

गिऱ्हाईक समोर उभं होतं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्यांच्या हातात कायम उसाचं कांडकं असायचं. बोट दाखवायचं ते त्याने. सकाळी येताना ते काठीएवढं लांब असे, आणि मला शिकवता शिकवता मधूनमधून ते सोलून खात, त्यामुळे दुपारपर्यंत वीतभर उरायचं. ते संपलं की शिकवणी संपली. मी रोज मनातल्या मनात आजचा ऊस आखूड असू दे अशी प्रार्थना करायचो. आणि मी काही बोलायला लागलो की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "घाई हाय का तुला? मग दुसरं कायतरी कर."

मी दुष्काळी माणदेशातला, दहिवडीकडचा, म्हणून माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. "ए माणदेशी, तुमच्याकडं ऊस बगायला फोटू लागतो," हे ते दर चार दिवसांनी म्हणायचे, आणि दर वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखे हसायचे.

तर सेन्सर. सांगलीच्या एका डॉक्टरांना मातीवरच्या मोटारशर्यतींचा नाद. त्यांनी जुन्या पेट्रोल गाडीला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, चढवून घेतला होता आणि इंजिन माझ्या भरवशावर सोडलं होतं. अशा इंजिनात पेट्रोल जास्त झालं तर ते गुदमरतं, कमी झालं तर पिस्टन जळतो. किती जातंय ते कळण्यासाठी धुराच्या पाइपात वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवतात. जळून आलेल्या धुरात हवा किती उरली ते तो मोजतो आणि आकडा मीटरवर दिसतो. आबांनी पहिल्या दिवशी माझ्याकडून हे तीनदा ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे नाक." त्या दिवसापासून त्याचं नाव नाक.

मी पाइपावर खडूने खूण केली. टर्बोच्या पुढे दोन फुटांवर, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडे. दुसऱ्या दिवशी खूण पुसलेली आणि पार इंजिनाच्या तोंडाशी नवी खूण. खडूची नव्हे, चुन्याची.

"जाळाच्या तोंडाला लाव. तितं खरं कळतंय."

"आवं आबा, तिथं उष्णतेनं जळून जाईल तो. आणि टर्बोच्या आधी दाबही लय असतो."

"जळतंय ते कसलं नाक? मी चाळीस वर्सं जाळाच्या तोंडाला हुबा हाय. माझं जळलं का?"

मी माझी खूण परत केली. त्यांनी परत पुसली. असे आठ दिवस गेले. डॉक्टर फोन करत होते आणि मी त्यांना पार्ट यायचाय म्हणून सांगत होतो. खुणेवरून भांडण चाललंय हे कोणत्या तोंडाने सांगणार?

शेवटी त्यांची खोड मोडावी म्हणून मी उलटंच केलं. सेन्सर तात्पुरता पाइपाच्या पार शेपटाशी अडकवला आणि इंजिन चालू केलं. मीटरने धुरात भरमसाट हवा दाखवली. आबा इतके खूश झाले की उरलेला ऊस त्यांनी मला दिला.

"धूर लांब गेला की खोटं बोलतो गड्या. भाइरचं वारं शिरतंय त्यात. म्हनून म्हंतो, लांब नगं."

"मी पण तेच म्हणतोय! जवळ नको, लांब नको, मधे!"

"मग आट दिस काय करत हुतास?"

मी पाना खाली ठेवला आणि बाहेर जाऊन दोन ग्लास पाणी प्यालो.

पुढचे दिवस कोणत्या अंगाला बसवायचा यात गेले. खालून नको, खाली पाणी साठतं आणि तापलेल्या सेन्सरला पाण्याचा थेंब लागला की तो तडकतो, हे त्यांना लगेच पटलं. धुराड्याच्या वळणातही पाणी खालीच साठतं म्हणे. वरच्या अंगाला, जरा तिरका, हेही पटलं. मी ड्रिल हातात घेतलं, टोक खुणेवर टेकवलं, आणि मागून आवाज आला.

"दोन बोटं डावीकडं."

"का?"

"घाई हाय का तुला?"

मी दोन बोटं डावीकडे सरकलो आणि भोक पाडलं. त्या दोन बोटांनी आकड्यात काडीचाही फरक पडला नाही, हे मी आजही लिहून द्यायला तयार आहे.

एक मात्र कबूल करतो. सेन्सर योग्य जागी बसल्यावरही मीटर हवा जास्तच दाखवत होता. मी दीड दिवस पेट्रोलच्या पंपापासून वायरींपर्यंत सगळं तपासलं. आबांनी राख ओली करून सेन्सरच्या अलीकडच्या जोडावर लेप दिला आणि इंजिन सुरू करायला सांगितलं. एका ठिकाणची राख फुरफुरत उडून गेली. केसाएवढी फट होती, तिच्यातून धूर झटक्याझटक्याने बाहेर पडत होता आणि दोन झटक्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जात होती. "धुराड्याला भेग पडली की आसंच हुतंय," म्हणाले आणि निघून गेले. निदान त्या दिवशी तरी त्यांनी टोमणा मारायला हवा होता, म्हणजे मला मोकळेपणाने चिडता आलं असतं.

गाडी गेली. आबांचं नाकाचं वेड मात्र गेलं नाही. रोज येऊन विचारायचे, नाक वास घेतं म्हणजे काय करतं? उसाच्या चिपाडाचा धूर त्याला कळंल का? म्हातारं झालं तर दुसरं मिळतं का? मला वाटायचं, रिकामपणाचे उद्योग.

त्याच सुमाराला त्यांचे धाकटे भाऊ बापू शेडवर आले. जागेत त्यांचा अर्धा वाटा होता आणि त्यांना तिथे प्लॉट पाडायचे होते. माझ्यासमोरच ते आबांना म्हणाले, "दादा, कोरोनापास्नं चुलवाण गार हाय. या हंगामात पेटलं तर माझं काय म्हननं न्हाई. न्हाईतर पाडव्याला काहील भंगारात आन् पत्रं खाली. मग मला बोल लावू नगा."

आबा म्हणाले, "पेटवू की."

पत्रे खाली म्हणजे माझं वर्कशॉपही खाली. नोकरी सोडलेली, जम आत्ता कुठे बसत होता. मी आबांच्या मागे लागलो. माणसं मिळत नाहीत, म्हणाले. मी दहिवडीकडचे चार गडी ठरवले. ऊस चांगला नाही, म्हणाले. मी तीन शेतकऱ्यांचा ऊस दाखवला. वारं फिरलंय, म्हणाले. वारं! संक्रांत गेली, माघ निम्मा झाला, आणि हा माणूस काहिलीजवळ बसून ऊस खातोय. ज्या काहिलीसाठी मला करारात बांधलं, ती भंगारात जायची वेळ आली तरी याला पाझर फुटत नाही. मला त्यांचा अगदी मनापासून राग यायला लागला होता.

त्यातच एक घूस मरून चुलवाणाच्या कडेच्या फटीत पडली. तीन दिवस शेडमध्ये उभं राहवेना. एक गिऱ्हाईक तर रुमाल लावून दारातूनच परत गेलं. आबा मात्र त्या फटीशेजारीच बसून निवांत चहा पीत होते. मी नाकाला फडकं बांधलेलं बघून म्हणाले, "लय नाजूक रं तू." मला वाटलं, हाही हट्टच.

मग तो पेट्रोलचा दिवस. सकाळचे दहा असतील. एका गाडीची पेट्रोलची नळी सोडताना ट्रे लवंडला आणि पाच-सहा लिटर पेट्रोल फरशीवर पसरलं. वासाने डोळ्यांना पाणी येत होतं. मी सगळी दारं उघडली आणि वाळू आणायला मागे गेलो. परत येतो तर आबा नेहमीच्या जागी बसलेले, ओठात बिडी, हातात काडेपेटी, काडी ओढायच्या बेतात.

मी वाळूची पाटी टाकून झेप घेतली आणि काडेपेटी हिसकावली. आबा कलंडले.

"म्हाताऱ्याच्या अंगावर येतोस व्हय रं?"

"पेट्रोल सांडलंय आबा! मरायचंय का?"

"कुटं?"

ते फरशीवर पेट्रोल शोधायला लागले. डोळ्यांनी. वाकून, इकडेतिकडे बघत. त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर ते चकाकत होतं. मी त्यांना दंडाला धरून उठवलं.

बाहेर लिंबाखाली त्यांना बसवलं. पाणी दिलं. ग्लास खाली ठेवून बोलले.

"कोरोनात गेला वास. धा दिस ताप हुता, ताप गेला, वास काय आला न्हाई. कवातरी कापराचा येतो आल्यागत. घरात बी ठावं न्हाई कुनाला."

"पण आबा, गूळ तर पाण्यात पाकाचा थेंब टाकून गोळी होते का बघतात ना? डोळ्यांनी दिसतंच की."

"गोळी शेंबडं पोरगं बी बगतंय," ते एकदम उसळले. "गोळी हुयाच्या आदी वास बदलतो. तवा जाळ वढायचा आसतो. काहील तापल्याली आसती, गोळी बगून जाळ वढला तर गूळ करपला म्हून समज. मानसं मिळत न्हाईत म्हनून सांगतो लोकास्नी. काय सांगू दुसरं?"

इतके महिने या माणसाला मी मनातल्या मनात काय काय म्हणालो होतो ते सगळं मला आठवत होतं, आणि लाज वाटत होती. ती लाज फार टिकली नाही, कारण पुढचं वाक्य होतं, "तुझं त्ये नाक माझ्या धुराड्यात बसीव."

"आबा, तो फक्त हवा मोजतो. गूळ नाही ओळखत."

"आदी बसीव तर."

सुटका नव्हती. माझ्याकडे एक वापरलेला सेन्सर होता. चुलवाणाचा बोगदा मोकळा केला, भेगा शेणामातीने लिंपल्या. मी म्हणालो, काहिलीच्या पुढे, धुराडं उभं चढायच्या अलीकडे, शेवटच्या भेगेपासून लांब, वरच्या अंगाने तिरका. आबा म्हणाले, जाळाच्या तोंडाला. मी म्हणालो, तिथं जळंल. ते म्हणाले, माझं जळलं का. बोलता बोलता त्यांचा हात स्वतःच्या नाकाकडे गेला.

"बसीव तुझ्या जाग्याला," ते हळू आवाजात म्हणाले. दोन बोटं डावीकडं म्हणाले नाहीत. मला ते बरं वाटलं नाही.

पाडव्याला आठ दिवस उरले असताना चुलवाण पेटलं. भिंतीवर खिळ्याला मीटर टांगलेला, खाली गाडीची बॅटरी. निम्मं गाव जमलं होतं आणि खुर्ची टाकून हाताची घडी घालून बापू बसले होते. रस उकळला, तो निवळायला रानभेंडीचं पाणी पडलं, वर आलेली मळी काढून टाकली. माझे दहिवडीचे गडी आबांच्या हुकमाने चिपाडं सारत होते आणि आबा मीटर बघून हुकूम देत होते. आकडा वाढला की चिपाड घाला, कमी झाला की थांबा. जाळ असा एकसारखा लागला की जुने लोक माना डोलवायला लागले.

दोन तासांनी रस आटून पिवळा झाला, फुगे जाड झाले. आबा मीटरकडे बघत होते. आकडा होता तिथेच होता, त्याला काय पडलंय गुळाचं. त्यांनी काहिलीकडे बघितलं, परत मीटरकडे बघितलं. कपाळावरून घाम निथळत होता. बापू खुर्चीत पुढे सरकले.

आबा माझ्याकडे आले, दोन्ही खांदे धरले आणि मला ढकलत काहिलीपाशी नेलं.

"हितं हुबा ऱ्हा. लय जवळ नगं, वाफंनं काय कळायचं न्हाई. लांब नगं, वारं मिसळतंय." मग जरा मागे होऊन बघितलं. "दोन बोटं डावीकडं."

मी सरकलो.

"वास कसा हाय?" कानाशी, कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं.

"गोड."

"आरं माणदेशी, गुळाचा वास गोडच आसनार! गोड म्हंजे कसा?"

"म्हणजे... उकडलेल्या कणसासारखा."

"मग आजून लांब हाय." जरा वेळाने, "आता?"

आता काहीतरी बदललं होतं. मला गुळातलं काही कळत नाही. आमच्याकडे ऊस नाही, रसाचा वास मी इथे येऊन पहिल्यांदा घेतला. पण हा वास मी ओळखत होतो.

"भाकरी," मी म्हणालो. "बाजरीची. आई तव्यावरनं काढून चुलीतल्या आराला उभी करते. फुगते आणि कडेला पहिला डाग पडतो ना, तसा."

आबांची बोटं माझ्या खांद्यात रुतली. "डाग पडायच्या आदी का पडल्यावर?"

"आधी."

"किती आदी?"

"आबा, पडतोय! आत्ता पडतोय!"

"वढा जाळ!" आबा असे ओरडले की चिपाडं सारणाऱ्याच्या हातातलं फावडं पडलं. जाळ ओढला, काहील उतरवली, गूळ हौदात ओतला. सोन्यासारखा पिवळा, कुठे काळा डाग नाही. बापूंनी गार होईतो धीर धरला नाही. कडेचा खडा उचलून तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि उठून उभे राहिले.

"फुडल्या आधनाला माझ्या रानातला ऊस घ्या," एवढंच म्हणाले आणि खुर्ची उचलून घरी गेले.

आबांनीही एक खडा तोंडात टाकला. मला बाजूला घेतलं.

"कसा झालाय रं?"

"झकास."

"झकास म्हंजे कसा?"

सेन्सर दुसऱ्याच दिवशी काजळी धरून मेला. त्याच्या भोकात अजून चिंधीचा बोळा आहे. मी पुढे वर्कशॉप सांगलीला हलवलं. गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी हलवलं असं सगळ्यांना सांगतो. खरं कारण आबा. पण हंगाम सुरू झाला की पहाटे सहाला फोन येतो, "ए माणदेशी, रस काढलाय." कुठलं इंजिन उघडं पडलंय, कोण गिऱ्हाईक येऊन बसणार आहे, काही विचारायचं नाही. मी चरफडतो, आबांना शिव्या घालतो आणि गाडी काढतो. त्यांच्या गुळाचं गुपित आजही आम्हा दोघांतच आहे.

माझी जागा कळावी म्हणून काहिलीशेजारी जमिनीत एक अर्धी वीट पुरलेली आहे. मी गेल्याबरोबर तिला पाय लावून मुकाट्याने उभा राहतो. आबा येतात, मागून माझे खांदे धरतात, जरा वेळ बघतात आणि म्हणतात, "दोन बोटं डावीकडं."

ती वीट त्यांनीच पुरलीय.